पेवाच्या तोंडावर

हितनं सांगली दिसती का?

न दिसायला काय झालं, असं म्हणत तानाजीनं लेकीला खांद्यावर घेतलं आणि खिडकीशी नेलं. शिरवळच्या त्या खोलीतून समोरच्या कंपनीची भिंत दिसायची, भिंतीवरची काटेरी तार दिसायची आणि तारेत अडकलेला एक पतंग दिसायचा, संक्रांतीपासून तिथंच फाटत बसलेला. उत्कर्षानं पतंगाकडं बघून मान डोलावली. दिसली म्हणे सांगली.

स्वप्नाली भांडी गोणपाटात बांधत होती. कंपनी बंद पडली नव्हती. तानाजी ज्या मशीनवर उभा राहायचा ते मशीन तेवढं दुसऱ्या राज्यात गेलं, आणि मशीनबरोबर माणूस न्यायची पद्धत नाही. मग कुणी कुणाला सांगितलं, कुणाच्या ओळखीनं फोन झाला, आणि सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याकडं काम निघालं. ऋषिराज त्याचं नाव, वयानं तानाजीएवढाच. नदीकाठी त्याच्या आजोबांचं जुनं आवार होतं. आवारातली हळदीची पेवं आता कुणी वापरत नव्हतं. ती मोकळी करून बुजवायची आणि वर गोदाम बांधायचं. तोवर राखण, राहायला खोली, गोदाम झालं की कायमची नोकरी.

"पेव म्हंजी काय?" स्वप्नालीनं विचारलं.

तानाजीनं हवेत दोन्ही हातांनी भोपळा काढला. "जमिनीतली कोठी. तोंड बारीक, पोट मोठं. तुझ्या भावासारखी."

"माझ्या भावाचं तोंड बारीक न्हाई."

"ते बी खरंच हाय."

ती हसली, पण गाठ मारता मारता तिनं खरा प्रश्न विचारलाच. "आणि नदी किती लांब?"

"आवाराला लागूनच हाय की."

दोघंही माणदेशातले, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातले. तिच्या माहेरी टँकर आला की त्यालाच पूर आला म्हणायचे. खरा पूर तिनं मोबाईलवर बघितला होता: सांगलीच्या पेठेत होड्या, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हात हलवणारी माणसं, आणि मधून वाहत जाणारा एक रिकामा पाळणा, पाळणाघराच्या बोर्डासकट. त्या दिवसापासून ते पाणी तिच्या मनात बसलं होतं. बाकी काय व्हायचं ते होवो, ही पोरगी त्या नदीला द्यायची नाही, एवढी एक गाठ तिनं शिरवळमध्येच मारून घेतली. तेवढीच तिनं नीट मारली.

आज्जा मागं का बसलाय?

कारण पुढं जागा नव्हती. आणि मेंढीला कुणीतरी धरायला पाहिजे होतं.

फलटणपर्यंत छोटा हत्ती टेम्पो बरा चालला. उसाचा हंगाम सरत आला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तोडलेल्या फडांत पाचट पेटवलेलं, धूर आडवा होऊन रस्त्यावर आलेला. त्या धुरातून ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या एकदम समोर यायच्या, आणि ड्रायव्हर देवाचं नाव घ्यायचा, मग आईवरून एक शिवी द्यायचा, मग पुन्हा देवाचं नाव.

दहिवडीच्या फाट्यावर तानाजीचा बाप, कोंडीबा, घोंगडं खांद्यावर टाकून उभा होता. बायको, तानूबाई, गेली तसा त्यानं कळप विकला होता. एक मेंढी आणि तिचं कोकरू एवढंच ठेवलं होतं, हाताला काहीतरी सवय पाहिजे म्हणून. उत्कर्षानं गावी गेल्यावर त्या कोकराचं नाव मॅडम ठेवलं होतं. शाळेतल्या मॅडमसारखं ते सारखं ओरडायचं.

मेंढी गाडीत चढेना. तानाजीनं ओढली, ड्रायव्हरनं मागून रेटली. तिनं चारी पाय रोवले.

"आबा, असं का करतीया ही?"

कोंडीबा मेंढीच्या तोंडाकडं बघत राहिला. "फुडचं जनावर असं थांबलं की माझा बा त्या दिशी मुक्काम हलवायचा न्हाई," तो म्हणाला. मग हसला. "पर त्यो कळपाचा कायदा. एकीचं काय आयकायचं?"

त्यानं मेंढीला उचलून आत टाकलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसला. मायणी, विटा, तासगाव; सगळ्या वाटेनं मॅडम ओरडत होती, आणि मेंढी एकदाही ओरडली नाही.

सगळं पिवळं का हाय?

मार्केटजवळून गाडी गेली तेव्हा हमाल पोती उतरवत होते. त्यांच्या भुवया पिवळ्या, बनियन पिवळे, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीचा पत्रा पिवळा. रिक्षावाला खाकरून थुंकला तेही पिवळं. स्वप्नालीला कसंतरी झालं. एखाद्या लग्नघरात शिरावं, सगळ्यांना हळद लागलेली असावी आणि नवरानवरी कुठंच दिसू नयेत, तसं.

कोंडीबाला मात्र उधाण आलं. गाडी थांबताच तो खाली उतरला, आवाराच्या मातीतून चिमूटभर पिवळी धूळ उचलली आणि कपाळाला लावली.

"आगं पोरी, ह्यो तर भंडारा! सगळा गाव बिरोबाच्या भंडाऱ्यात न्हालाय. हितं आपल्याला कशाचं भ्या?"

आवार उतरतं होतं. फाटकाच्या बाजूला नदी. मागच्या बाजूला चढ, त्या चढावर कडुलिंबाचं झाड, आणि झाडाच्या आसपास जमिनीत बसवलेल्या गोल फरश्या, मातीनं लिंपलेल्या. तीच पेवं. बघायला काही नव्हतं. दिसत होती ती नुसती झाकणं.

राहायला दोनपैकी कुठलीही खोली घ्या, असं ऋषिराज फोनवर म्हणाला होता. फाटकाजवळच्या खोलीला नळ होता, खिडकी होती, फरशी होती. तिच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ होती. पाणी इथपर्यंत आलं होतं. स्वप्नालीनं रेघेवर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"मागची घ्यायची," ती म्हणाली.

"तिला नळ न्हाई."

"मी पाणी वाहीन. पर मागची."

मग तिनं उत्कर्षाला समोर उभं केलं, दोन्ही खांदे धरले. "हे फाटक बघ. ह्येच्याकडं जायचं न्हाई. कदी म्हंजी कदीच न्हाई. खेळायचं तर मागं, झाडाखाली. तिकडं पाणी न्हाई, तिकडं खुशाल खेळ."

पोरगी शहाणी. तिनं ऐकलं.

नदीत काय हाय?

फाटकाबाहेरच्या बोळात राहणारी धोंडुबाई म्हातारी रोज नदीला धुणं घेऊन जायची. तिनं फाटकातून उत्तर दिलं: "पाणी हाय, बाळा. दुसरं काय असणार?"

स्वप्नालीला ते उत्तर आवडलं नाही.

बिराप्पा एकटाच का हसतो?

बिराप्पा पेवात उतरणारा जुना माणूस, जत पलीकडचा. आता गुडघे गेलेले, पण ऋषिराजनं पेवं मोकळी करायला त्यालाच सांगितलं होतं आणि तानाजीला बजावलं होतं, बिराप्पा म्हणेल तसं. बिराप्पाला स्वतःच्या विनोदावर आधी हसायची खोड होती. त्या दिवशी त्यानं कडुलिंबाजवळचं पहिलं पेव उघडलं. फरशी सरकवली. आतून वारा आला नाही, पाखरू उडालं नाही, काहीच झालं नाही. एक वास तेवढा वर आला, ओल्या हळदीचा आणि जुन्या गाळाचा. त्यानं तोंडावर पत्रा टाकला, पत्र्यावर चार दगड ठेवले, आणि चहाला बसला.

"आमच्या हिरीत पोरं उन्हाळ्यात इटीदांडू खेळत्यात," तानाजी त्याला सांगत होता. "गाळ काढाया मी दुसरीत असल्यापासनं उतरतोय."

"तुमची हीर उघड्या तोंडाची, गड्या. ही गप बसणारी बाई हाय." बिराप्पा खोखो हसला. मग स्वप्नालीकडं वळला. तो बोलत होता आणि तिच्या कानांवर पडत होतं, पण मन फाटकाकडं लागलेलं. फाटक कुणीतरी उघडं टाकलं होतं.

"ऐक अक्का. हळद आत निजती, पर निजल्याली बी —"

उत्कर्षा कुठं आहे? झाडाखाली. ठीक.

"— म्हणून तोंड उघडलं की उद्या-परवापतोर थांबायचं, मग कंदील सोडायचा. कंदील जर —"

धोंडुबाई धुणं घेऊन निघाली. फाटक तसंच.

"— आणि मागनं गेला त्यो बी. आमच्या गल्लीत झालंय ह्ये."

"व्हय व्हय," स्वप्नाली म्हणाली, उठली, आणि जाऊन फाटकाची कडी लावून आली.

दुसऱ्या दिवशी बिराप्पा मिरजेला गेला, भाचीच्या पोराच्या बारशाला. जाताना म्हणाला, मी येस्तवर कुणी हात लावायचा न्हाई. तानाजीनं मान हलवली. कोंडीबा तेव्हा मेंढी बांधायला जागा शोधत होता.

आज्जा, दगड कुठं हाय?

ही गोष्ट स्वप्नालीला नंतर कळली. उत्कर्षानंच सांगितली, अगदी सहज.

आज्ज्याला खुंटी ठोकायची होती. खुंटी ठोकायला दगड पाहिजे. माणदेशात दगड शोधावा लागत नाही. माणूस बसतो तेव्हा आधी दगड बाजूला करतो आणि मग बसतो. इथं कोंडीबानं सगळं आवार पालथं घातलं. काळी माती, पिवळी धूळ, विटांचे तुकडे. "कसला ह्यो मुलूख, एक धोंडा न्हाई," असं तो नातीला म्हणाला. मग त्याला पत्र्यावरचे दिसले. चारातला एक घेतला तर काय होतंय?

त्यानं घेतला. खुंटी ठोकली. मेंढी बांधली. दगड खुंटीपाशीच राहिला.

मॅडम कुठं गेली?

दुपार. तानाजी राखणीची रात्रपाळी करून खोलीत निजलेला. स्वप्नाली खालच्या नळावर कपडे धूत होती, फाटकाकडं तोंड करून. तिची बसायची जागा तीच. पाठीमागं पोरगी झाडाखाली आहे, आज्जा जवळ आहे, सगळं कोरडं आहे. डोळे नदीवर ठेवले की झालं.

पत्रा वाजला.

मग मॅडम ओरडली. खोलातून आल्यासारखा आवाज. दुसऱ्यांदा ओरडली, आणि ते ओरडणं मधेच तुटलं.

मेंढरांत वाढलेल्या माणसाला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. कोरड्या विहिरीत पडलेलं कोकरू दिवसभर ओरडतं. पाय मोडला तर जास्त ओरडतं. आई वर ओरडते, ते खाली ओरडतं, सगळी वाडी जागी होते. गप बसत नाही.

स्वप्नालीच्या हातातली चादर खाली पडली.

ती चढावर पोचली तेव्हा उत्कर्षा पेवाच्या काठावर ओणवी होऊन आत बघत होती. पत्रा तिरका होऊन बाजूला पडलेला. स्वप्नालीनं लेकीला दंडाला धरून इतकं जोरात मागं ओढलं की पोरगी मातीत पडली. कोंडीबानं तोवर झाडाला दोर बांधलाही होता. तानाजी डोळे चोळत दारातून येत होता.

"आबा, बिराप्पानं थांबा म्हनलंय," तो म्हणाला, पण जांभई देत.

"त्यो येस्तवर कोकरू जित्तं ऱ्हाईल व्हय? आन् हिरीत उतराया मला पावणं लागत्यात का?"

"मामा," स्वप्नाली म्हणाली, "ती गप का झाली?"

कोंडीबा काठावर बसला होता, पाय आत सोडून. त्यानं तिच्याकडं बघितलं. त्यालाही ठाऊक होतं. सत्तरी मेंढरांत काढलेल्या माणसाला ठाऊक नसणार तर कुणाला? क्षणभर त्याचा चेहरा दहिवडीच्या फाट्यावरच्या मेंढीसारखा झाला, सगळे पाय रोवलेला.

"पाय मोडला आसंल," तो म्हणाला. काठावरची चिमूटभर हळद कपाळाला लावली. "भंडाऱ्याच्या खड्ड्याचं कसलं भ्या? बिरोबाच्या नावानं चांगभलं."

आणि दोराला धरून सरसर खाली गेला. दोर ताठ होता, हलत होता.

मग ढिला पडला.

मऊ आवाज आला. पोतं टाकल्यासारखा.

"आबा?"

काही नाही.

"आबा!"

आणि आता, आत्ता, बिराप्पाचं बोलणं तिच्या कानात पुरतं झालं. हळद आत निजती, पर निजल्याली बी श्वास घेती, आतली सगळी हवा खाऊन टाकती. कंदील जर इझला तर समज माणूस बी इझणार. पयला पडला म्हणून दुसरा उतरला, आणि मागनं गेला त्यो बी.

तानाजीनं दोर धरला.

स्वप्नाली पेवाच्या तोंडावर बसली.

बसली म्हणजे आडवीच पडली. एका काठावर पाठ, दुसऱ्या काठावर पाय, मधे ते काळं तोंड. खालून गार काहीच येत नव्हतं. काहीच येत नव्हतं, तेच वाईट होतं.

"सरक!"

"न्हाई."

"सपने, बा हाय माझा! सरक म्हंतो ना!"

"आत हवा न्हाई. तुमी बी पडशीला."

"तुला काय ठावं? तू काय बिराप्पा हायस?" त्यानं तिचा हात पिरगाळला. तिनं दुसऱ्या हातानं दोर छातीशी धरला. त्यानं तिच्या केसांना हात घातला. लग्नापासून त्यानं कधी हात उगारला नव्हता. आता त्याच हातानं तो तिला एखादी फरशी उचकटावी तसा उचकटत होता, आणि रडत होता, आणि तिच्या आईबापाचा उद्धार करत होता.

आवारात दुसरं कुणी नव्हतं. माणसं होती ती नदीवर.

मी पळू?

उत्कर्षा मातीत बसली होती, गुडघा खरचटलेला. स्वप्नालीला मान वळवता येत नव्हती. नुसता आवाज काढता आला.

"उत्के. फाटक उघड."

"तू म्हनलीस तिकडं जायचं न्हाई."

"जा. नदीला जा. धोंडूआज्जीला हाक मार, नावाडी असंल त्येला हाक मार. वरड. मॅडमसारखी वरड. पळ!"

पोरगी उठली. तेवढ्यात पाठीखालून हाकेसारखं काहीतरी आलं, तानाजीच्या रडण्यात बुडालं; लहान पावलं क्षणभर थांबली, मग निघाली. कडी तिला उंच पडायची. काहीतरी ओढल्याचा आवाज आला, बादली असावी. कडी निघाली. लहान पावलं उतारावरनं गेली, आणि मग ऐकू येईनाशी झाली.

आता सगळंच ऐकू येईनासं झालं होतं. नवरा अंगावर, सासरा खाली, लेक पाण्याकडं. जी एक गाठ तिनं शिरवळमध्ये मारली होती ती तिनं आपल्या तोंडानं सोडली होती. आणि ती उठू शकत नव्हती. उठली तर एक जाणार, न उठली तर कदाचित दुसरी. तिनं पाय काठावर आणखी घट्ट रोवले.

पाठीखालून पुन्हा आवाज आला.

आज्जा पिवळा का झाला?

माणसं आली. धोंडुबाई ओला पदर ओढत आली, दोन नावाडी आले, त्यातल्या एकाच्या कडेवर उत्कर्षा होती, चड्डीपर्यंत भिजलेली. ती पाण्यात किती आत गेली होती हे कुणी सांगितलं नाही आणि स्वप्नालीनं विचारलं नाही. तानाजीला तिघांनी धरलं. कुणी टेबलफॅन आणला, वायर लावून खाली सोडला. कुणी बादल्यांनी पाणी ओतलं. बिराप्पाला फोन गेला. मग विहिरीतली घागर काढायचा गळ दोराला बांधून टाकला.

कोंडीबा वर आला तेव्हा धोतर, मिशा, पापण्या, सगळं पिवळं होतं. तळाशी जुन्या हळदीचा चिखल साठला होता म्हणे. धोंडुबाईनं तोंडावर हात घेतला. हळद लागलेला नवरदेव झोपला असावा, तसा तो कडुलिंबाखाली पडून होता. मेंढी खुंटीला बांधलेली, शेजारी तो दगड. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि मग ती थांबेना.

बिराप्पा संध्याकाळी बारशाच्या कपड्यांत आला. या वेळी तो हसला नाही. तानाजीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पाय टेकले तवाच गेला त्यो. वर बायको बसली म्हणून तू हायस, गड्या. न्हाईतर हितं दोन ठिवायला लागले असते."

तानाजीनं त्याच्याकडं बघितलं. मग स्वप्नालीकडं बघितलं. तिच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

"तवाच गेला?" त्यानं विचारलं. बिराप्पाला नाही, तिला.

"व्हय," ती म्हणाली.

आता परत शिरवळला जायचं का?

जायचं होतं गावाला, माती द्यायला. तोच छोटा हत्ती, तोच ड्रायव्हर. त्यानं या वेळी एकही शिवी दिली नाही. तासगाव, विटा, मायणी. कोंडीबा मागंच होता. तानाजी त्याच्याशेजारी बसला, बाप बसला होता त्या जागी, मेंढीला धरून. पुढं यायला त्यानं नकार दिला. काचेतून स्वप्नालीला त्याचं डोकं दिसत होतं. तो जिवंत होता. गाडी खड्ड्यात गेली की त्याचं डोकं हलत होतं, आणि दर वेळी तिला तेवढ्यानं बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची तिला भीती वाटत होती.

ऋषिराजचा फोन आला होता. पेवं बुजवून घेतो, खोली तुमचीच आहे, तेरावं झालं की या. मागची काच सरकवून तानाजीनं फोन तिच्या हातात दिला होता. तेवढंच.

पाचट आता जळून गेलं होतं. दोन्ही अंगाला नुसती काळी रानं.

उत्कर्षा तिच्या मांडीवर होती. पोरीच्या केसांना अजून नदीचा वास येत होता. मग मान वर करून, मागच्या काचेकडं बोट दाखवत तिनं विचारलं. हळू नाही, तिच्या नेहमीच्या आवाजात, आणि काच उघडीच होती.

मम्मी, तू वर बसल्यावर आज्ज्यानं खालनं हाक मारली ना?

मागं तानाजीचं डोकं हलायचं थांबलं.